लँकेशायरमधले टेलर शोधताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लँकेशायर ही इंग्लंडमधली काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स हे तिच्यासाठी स्वयंसेवकांनी उभं केलेलं मोफत संकेतस्थळ. त्यावर चर्चच्या नोंदवह्यांतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं उतरवून घेतलेली आहेत. टेलर आडनावाचे पूर्वज शोधण्यासाठी आठ महिने ते वापरलं, जोडीला जनरल रजिस्टर ऑफिस या तिथल्या सरकारी नोंदणी कार्यालयाचा जन्म-मृत्यूंचा ऑनलाइन इंडेक्स. पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

टेलर म्हणजे शिंपी. गावागणिक शिंपी वेगळा, त्यामुळे घराणीही वेगळी. आपण ‘कुठले जोशी?’ विचारतो, तेच इथे पहिल्या दिवसापासून विचारायचं. सगळ्या काउंटीत ‘जॉन टेलर’ शोधण्यात वेळ घालवू नका. एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, निवडा, नावाचा रकाना रिकामा ठेवा आणि तिथले झाडून सगळे टेलर एका एक्सेल शीटमध्ये घ्या: तारीख, मूल, वडील, आई, राहण्याची जागा, धंदा. मग आईवडिलांची जोडी आणि जागा यांवर क्रम लावा. घरं आपोआप वेगळी पडू लागतात.

यात जागेचा रकाना सोन्याचा. 1 जानेवारी 1813 पासून छापील नमुने सक्तीचे झाले; बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी, प्रत्येकीत वडिलांचा धंदा आणि राहण्याची जागा. धंद्यावर मात्र फार विसंबू नका, कारण या भागात निम्मं गाव ‘विणकर’ असू शकतं. ‘अमुक फोल्ड’ असं वस्तीचं नाव दोन-तीन मुलांच्या नोंदींत सलग दिसलं, की घर सापडलं समजा.

त्यानंतर लगेच दफनं पाहा. हे काम नकोसं वाटतं म्हणून बरेच जण टाळतात आणि तिथेच गफलत होते. एका वर्षी बाप्तिस्मा झालेल्या दोन जॉन टेलरांपैकी एक दहा महिन्यांचा असताना गेला असेल, तर तुमचा वंशवृक्ष मेलेल्या बाळापासून पुढे वाढत राहतो. 1813 नंतरच्या दफनाच्या नोंदीत वयही असतं, त्यामुळे ताळा घेता येतो. त्याच जोडप्याने पुढच्या मुलाचं नाव पुन्हा जॉन ठेवलं असेल, तर पहिल्याचं दफन शोधाच.

1 जुलै 1837 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. जुन्या तिमाही इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासूनच मिळतं. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये ते थेट 1837 पासून आहे. टेलरसारख्या आडनावाला यापेक्षा चांगली किल्ली नाही. आईचं माहेर एंटविसलसारख्या कमी आढळणाऱ्या आडनावाचं असेल तर भावंडं भराभर हाती लागतात. शोध एका वर्षाच्या मागेपुढे दोनच वर्षं चालतो आणि मुलगा-मुलगी वेगळे शोधावे लागतात. म्हणून 1839, 1844, 1849, 1854, 1859 ही वर्षं धरून दोन-दोन असे दहा शोध केले, की 1837 ते 1861 चा पट्टा पूर्ण होतो. माहेरचं आडनाव कोरं असेल तर बहुधा आई अविवाहित. जन्म सापडलाच नाही तरी घाबरू नका. 1875 मध्ये कायदा कडक होण्याआधी बऱ्याच जन्मांची नोंदच व्हायची नाही.

जनगणनेत 1851 पासून मागे या, कारण तिथे कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. 1841 मध्ये नातं नाही, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे खालच्या पाचाच्या पटीत आणलेली. तिथला 30 वर्षांचा टेलर 34 चाही असू शकतो.

आता कापलेला तारा. सगळ्या चर्चची सगळी वर्षं उतरवून झालेली नाहीत. म्हणून ‘सापडलं नाही’ असं लिहिण्याआधी त्या चर्चची कुठली वर्षं चढवली आहेत, ती यादी उघडा. कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचं असेल, तर त्यांच्या चॅपलची वही वेगळी. 1837 नंतर सरकारजमा झालेल्या अशा वह्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या आरजी 4 या मालिकेत आहेत.

दोन जॉन टेलर तरीही वेगळे होत नसतील, तर लग्नाच्या मूळ पानाचा फोटो मिळवा. 1754 पासून वधूवर आणि साक्षीदार सही किंवा फुली करतात. ‘टी’ची आडवी रेघ कशी ओढली आहे यावरूनही माणूस ओळखू येतो. मात्र ते पान बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक प्रतीचं नाही ना, हे आधी बघा. त्या प्रतीत सगळ्या सह्या नक्कल करणाऱ्या एकाच हाताच्या असतात.