वेळासमधला घरगुती मुक्काम : खाडीपलीकडच्या शेजारणीचं मत

बागमांडल्याला फेरीबोटीत बसलं की दहा मिनिटांत वेशवी, तिथून बाणकोट आणि मग वेळास. श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरापासून एवढंच अंतर. तरी लग्न होऊन तीस वर्षं झाली आणि मी तिकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. वेळासच्या किनाऱ्यावरची कासवं बघायला पुण्या-मुंबईची माणसं रात्रभर गाडी हाकत येतात, आणि आम्ही खाडीच्या अलीकडे बसून ‘जाऊ एकदा’ म्हणत राहिलो. या मार्चअखेर गेले. मोठी सून बरोबर होती. दोन रात्री एका घरात राहिलो, त्या घराबद्दल लिहिते आहे.

जाण्याचं कारण आधी सांगते, म्हणजे मी इतक्या बारकाईने का बघत होते ते कळेल. आमची सुपारीची वाडी आहे. आहे म्हणजे, होती आणि आता पुन्हा उभी राहते आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारच्या तीन-चार तासांत सासऱ्यांच्या हातची झाडं आडवी झाली. नारळ मुळासकट, पोफळी मधोमध मोडलेल्या. घराच्या कौलांचं सोडा, ती दोन महिन्यांत पुन्हा चढली. पोफळीचं तसं नाही. रोप लावल्यापासून शिपुट, म्हणजे सुपारीचा घड, धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि कोवळ्या रोपाला डोक्यावर सावली लागते. सावली देणारे माडच पडलेले. पहिल्या वर्षी लावलेली निम्मी रोपं उन्हाने करपली, मग आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाने पुन्हा पोफळी. तेव्हापासून घरात एकच विषय आहे: वाडीच्या जोडीला दुसरं काय? सून म्हणाली, पाहुणे ठेवू. हे म्हणाले, आपल्याला जमणार नाही. मी म्हटलं, ज्यांना जमलंय त्यांच्याकडे दोन दिवस राहून येते.

घर जांभ्याचं, पुढे पडवी, मागे माजघर, आणि परसात नंतर बांधलेल्या दोन खोल्या. अंगण सारवलेलं. विहिरीवर पंप बसवलाय, पण रहाट काढून टाकलेला नाही, वीज गेली की तो चालतो. गेल्या गेल्या मी तोच बघितला आणि मनात वहिनींना मार्क दिले. वहिनी म्हणजे घरमालकीण, साठीच्या आसपास. त्या मला ‘ताई’ म्हणाल्या आणि सुनेला पहिल्या दहा मिनिटांत ‘अगो, त्या ओटीवरचं सूप आण जरा’ म्हणून कामाला लावलं. सुनेला ते फार आवडलं. हॉटेलात आपल्याला कोणी सूप आणायला सांगत नाही.

जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे वसूल तिथेच होतात. पहिल्या रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, भात आणि सोलकढी. ओले काजू सोलायचं काम ज्याने केलंय त्यालाच त्या उसळीची किंमत कळेल. चिकाने बोटं काळी पडतात, चार दिवस जात नाहीत. वहिनींची बोटं काळीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुपारी फणसाच्या कुयरीची भाजी, वर भरपूर खोबरं आणि तळणीची मिरची. मी सकाळी उकड्या तांदळाची पेज मागितली तर त्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. शहरातले पाहुणे पेज मागत नाहीत म्हणाल्या, आजारी माणसाचं जेवण समजतात. स्वयंपाक शाकाहारी होता. आम्ही मासेखाऊ, समुद्राकाठी जाऊन मासा नाही म्हणजे मला चुकल्यासारखं झालं खरं, पण त्या घराची रीत ती आहे आणि फोनवर त्यांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. माणशी दिवसाला ८०० रुपये: नाश्ता, दोन जेवणं, दोन वेळचा चहा, झोपायची सोय. ताटात आलेलं तांदूळ, कुळीथ, काजू, नारळ, कोकम सगळं घरचं किंवा वाडीतलं. साखर, चहापत्ती आणि तेल तेवढं मंडणगडच्या बाजारातून. हिशेब मी मुद्दाम विचारला. पाहुण्याने दिलेल्या पैशातलं किती गावात राहतं, ते या ताटावरून कळतं.

आता किनारा. गाव समुद्रापासून आत आहे. वीसेक मिनिटं चालावं लागतं, शेवटी सुरूची झाडं लागतात आणि मग वाळू. वाळूला लागून हॉटेल असं मला एकही दिसलं नाही आणि त्याचं कारण तिथे गेल्यावर समजलं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. काळोख्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज सगळ्यात उजळ असतं, म्हणून ते पाण्याकडे वळतं. किनाऱ्यावर ट्यूबलाइटी लावल्या तर ते जमिनीकडे चालायला लागेल. म्हणजे घरं आत आणि किनारा अंधारात असणं ही इथे गरजच आहे.

वहिनींचा धाकटा मुलगा थंडीत पहाटे किनाऱ्यावर फेरी मारतो. कासवीण रात्री वर येते, तिच्या चालण्याची खूण वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटते. त्या खुणेवरून घरटं शोधायचं, अंडी हलक्या हाताने काढायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल, सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. हे थोड्या तासांत व्हावं लागतं. उशीर झाला किंवा अंडं उलटंपालटं झालं तर आतला जीव मरतो. प्रत्येक खड्ड्यावर पाटी: तारीख आणि अंड्यांची संख्या. शंभराच्या आगेमागे आकडे होते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. ती नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. हे ऐकून मला उन्हाने करपलेली माझी रोपं आठवली.

पूर्वी हीच अंडी लोक गोळा करून खायचे, विकायचे. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, इथे संवर्धनाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. बाहेरची संस्था आली आणि गेली असं झालं नाही. राखण गावच्या पोरांच्या हातात आली, पाहुणे गावच्या घरांत आले. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. अंडी विकून एकदाच पैसे यायचे. आता कासव आलं तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर वहिनींचे कुळीथ विकले जातात. मुलाने आणखी एक सांगितलं: जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा ठेवलं. सांगताना घरच्या मुलीबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज झाला होता.

पहिल्या संध्याकाळी पिल्लं निघाली नाहीत. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. मुंबईचं एक कुटुंब रागावलं, ‘एवढ्या लांबून आलो’ म्हणाले. कोणीही त्यांना खोटी आशा दाखवली नाही, उद्या सकाळी पुन्हा बघू एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली सतरा होती. पाण्यापासून काही पावलांवर सोडली, दोरीच्या मागे आम्ही सगळे. एक पिल्लू सारखं मागे वळत होतं. सुनेने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ते सगळ्यात शेवटी लाटेत गेलं.

खटकलं तेही सांगते. त्या घरात आमच्यासकट शनिवारी रात्री चौदा माणसं होती. घराची ऐपत आठांची. चार मुलगे पडवीत झोपले, संडास दोनच, सकाळी किनाऱ्यावर जायच्या वेळी रांग. वहिनींना नाही म्हणता येत नाही, हे मी बघितलं. दारात आलेला माणूस परत कसा पाठवायचा? रात्री नऊला आणखी तिघं आले तेव्हा मात्र त्यांनी मुलाला बॅटरी देऊन त्यांना दोन घरं सोडून पलीकडे पोचवलं, आणि तिथे जेवण उरलं नसेल म्हणून पिठल्याचं पातेलंही बरोबर दिलं. हे मला फार आवडलं. पण मग आधीच्या सहांनाही तसंच पाठवायला हवं होतं. आणि प्लास्टिक. रविवारी दुपारी पाहुणे गेल्यावर परसात पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग. विहिरीचं पाणी गोड असताना बाटल्या कशाला? खोलीत तांब्या-भांडं ठेवलं, पाणी उकळून गाळलेलं आहे असं सांगितलं, तर निम्म्या बाटल्या कमी होतील. मी वहिनींना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘खरंय ताई, पुढच्या हंगामाला माठच ठेवते.’

दुसऱ्या रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो. मी विचारलं, २०२० मध्ये काय केलंत? त्या वर्षी मार्चमध्ये, ऐन हंगामात टाळेबंदी लागली. सगळे पाहुणे रद्द. त्यावर जूनमध्ये वादळ. पाहुण्यांचे पैसे नाहीत आणि वाडीही पडली. मग तांदूळ, कुळीथ, आमसुलं यांवर वर्ष काढलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. पण थंडीत कासवं मात्र नेमाने आली, आणि गाड्या सुरू झाल्यावर पाहुणेही. खोलीवर पत्रे चढवले, गोधड्या धुतल्या की पाहुण्याला बोलावता येतं. पोफळीला थांबावं लागतं. म्हणून त्यांनी खोल्या वाढवायला वाडीची जागा घेतली नाही. एका ओळखीच्या माणसाने वाडी सपाट करून दहा खोल्या बांधायचा सल्ला दिला होता, भांडवलही देतो म्हणाला. ‘आणि पाहुणे आले नाहीत त्या वर्षी मी खाऊ काय, खोल्या?’ असं त्या म्हणाल्या.

हेच मी याआधी एकदा, फार लांब ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीबरोबर कुमाऊंमध्ये मुनस्यारीजवळच्या सरमोली गावात राहिले होते. समोर पंचाचूलीची पाच शिखरं, घराच्या दारात राजम्याचे वेल. तिथे बायकांची माटी संघटना आहे, मल्लिका विर्दी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, आणि पाहुण्यांची घरं बायकाच चालवतात. जंगल वनपंचायतीचं, उत्तराखंडात गावाने जंगल सांभाळायची ही पद्धत १९३१ पासूनची. २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातलं उत्तम पर्यटन गाव म्हणून निवडलं. पण माझ्या लक्षात राहिली ती आमची यजमानीण, पाहुण्यांचं जेवण झाल्यावर गाईसाठी गवताचा भारा आणायला जाणारी. पावसात दरड कोसळून रस्ता बंद झाला की पाहुणे येत नाहीत, गाय आणि राजमा असतो म्हणाली. डोंगरात दरड, आमच्याकडे वादळ. तिने गाय विकली नाही, वहिनींनी वाडी तोडली नाही.

तेव्हा हे घर मी कोणाला सुचवेन? लहान मुलं असलेल्यांना नक्की. आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांनाही, फक्त किनाऱ्यापर्यंतचं चालणं आणि शेवटची वाळू लक्षात ठेवा. शनिवार-रविवार टाळा. पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या, येण्याआधी फोन करून घरट्यांचे दिवस कितपत भरलेत ते विचारा, आणि दोन रात्रींची सवड ठेवा. एकाच रात्रीसाठी आलात तर पहिल्या संध्याकाळसारखी रिकामी टोपली बघून जावं लागेल. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. परतताना वहिनींकडून कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ घ्या, दोन्ही उत्तम आहेत. आणि वेळ असेल तर नाना फडणवीसांचं स्मारक बघा, हे त्यांचं मूळ गाव.

परतीच्या फेरीबोटीत सुनेने वहीत आमच्या घराचा नकाशा काढला. माजघर आपलं, पडवीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या, सहाच्या वर माणूस घ्यायचा नाही, जास्तीचे आले तर शेजारच्या जाऊबाईंकडे. पोफळीच्या एकाही रोपाला धक्का लागत नाही, हे तिने दोनदा मोजून दाखवलं. यांना मी घरी गेल्यावर आगळाची बाटली आणि ती वही एकदमच दिली. वाचून म्हणाले, आधी दुसरा संडास बांधू. गवंड्याला सांगितलंय, पावसाआधी पाया होईल.