टेबलची व्याख्या कुठे लिहाल: डेकोरेटर, फंक्शन की स्कीमा फाइल?

टाइपस्क्रिप्टमधल्या नव्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसची टेबलं कोडमध्ये कशी मांडायची, हा निर्णय सुरुवातीलाच नीट घ्यावा. त्यासाठीच्या तीन लायब्ररी इथे पाहू: डेकोरेटर (कोडवर लावायच्या खुणा) वापरणारी टाइपओआरएम, फंक्शन वापरणारी ड्रिझल आणि स्कीमा फाइल वापरणारी प्रिझ्मा. नंतर पद्धत बदलायची म्हटली तर जवळजवळ प्रत्येक क्वेरीला हात लावावा लागतो.

वाचायला सर्वांत सुबक पद्धत टाइपओआरएमची. क्लासवर एंटिटी, प्रॉपर्टीवर कॉलम असे डेकोरेटर लावले की टेबल तयार. नेस्टजेएस या सर्व्हर फ्रेमवर्कमध्ये सगळीकडे डेकोरेटरच असल्याने तिथे ते सहज मिसळून जातात.

पण कॉलमचा प्रकार लायब्ररीला कळतो कसा? टाइप तर कंपाइल होताना पुसले जातात. म्हणून कंपायलरचा ‘एमिट डेकोरेटर मेटाडेटा’ हा पर्याय लावून प्रकाराची नोंद मागे ठेवावी लागते, आणि ती नोंद तोकडी असते. स्ट्रिक्ट मोडमध्ये ‘स्ट्रिंग किंवा नल’ (मजकूर किंवा रिकामं) असा टाइप दिला, तर नोंदीत नुसतं ‘ऑब्जेक्ट’ उरतं. मग प्रकार हाताने लिहा. अ‍ॅरेच्या आत काय आहे, तेही हरवतं. ईएसबिल्ड हे बिल्ड टूल तर ही नोंद बनवतच नाही. 2023 साली टाइपस्क्रिप्ट 5.0 मध्ये आलेल्या प्रमाणित डेकोरेटरांसोबतही हा पर्याय चालत नाही.

एवढं एक वेळ चालवून घेता येईल. माझा खरा आक्षेप वेगळा आहे: डेकोरेटरमध्ये कॉलम नलेबल (रिकामा चालणारा) आणि खाली प्रॉपर्टीचा टाइप साधा स्ट्रिंग, असं लिहिलं तरी कंपायलर गप्प बसतो. एकाच ओळीत दोन सत्यं, आणि ती जुळतात की नाही हे कुणीच तपासत नाही.

ड्रिझलमध्ये ही फट राहत नाही. टेबल हे साधं फंक्शन आणि टाइप त्या व्याख्येतूनच निघतो. ‘नॉट नल’ लिहिलं नाही, तर टाइपमध्ये नल आपोआप येतो. मात्र एसक्यूएल (डेटाबेसची क्वेरी भाषा) पक्कं हवं, आणि वर्तन असलेले क्लास मिळत नाहीत.

प्रिझ्मामध्येही टाइप विश्वासार्ह असतात. तिथे स्कीमाची वेगळी फाइल, तिची छोटी भाषा, आणि बदलानंतर क्लायंट (क्वेरी करायचा तयार कोड) पुन्हा जनरेट करणं आलं.

नेस्टजेएसवर डोमेनचं लॉजिक (व्यवसायाचे नियम) क्लासमध्येच ठेवणारी टीम असेल, तर डेकोरेटर जरूर घ्या. फक्त कॉलमचा प्रकार आणि नलेबल प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा. बाकी नव्या कामासाठी मी ड्रिझल निवडेन.

टाइपओआरएम घेतलंत, तर प्रॉडक्शनवर ‘सिंक्रोनाइझ’ (क्लासप्रमाणे टेबल आपोआप बदलणारा पर्याय) बंदच ठेवा. तो चालू असताना क्लासमधून प्रॉपर्टी काढली, की टेबलमधला कॉलम डेटासकट जातो.