रॅम तपासायची: विंडोजचं टूल की मेमटेस्ट८६ प्लस?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याचा पीसी आला होता. बिल काढता काढता निळा स्क्रीन, कधी एक्सेलची फाईलच करप्ट. संशय रॅमवर, म्हणजे पीसीच्या चालू कामाच्या मेमरीवर.

आधी विंडोजमध्येच असलेलं मेमरी तपासायचं टूल, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, लावलं. स्टार्टमध्ये नाव टाकायचं, रीस्टार्ट करायचं, बस्स. पेन ड्राइव्ह नको, काही नको. पण नेहमीच्या स्टँडर्ड मोडमध्ये ते दोनच फेऱ्या मारतं. एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. निकाल नाहीच दिसला तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून शोधत बसा. इथे निकाल आला: दोष नाही.

माझा विश्वास बसेना. मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर घेतलं. हे विंडोजशिवायच बूट होतं, फुकट आहे, आणि तुम्ही थांबवेपर्यंत फेऱ्या मारत राहतं. रात्रभर लावून गेलो. (यूपीएस असू द्या, मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.) सकाळी स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे दोष सापडला.

पण लाल ओळी म्हणजे लगेच नवी रॅम नव्हे. रॅमच्या स्टिका (पट्ट्या) काढल्या तर स्लॉटमध्ये सुताची बारीक लव! ब्रशने झाडली, कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले, मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये तपासली. एक निर्दोष, दुसरीत तेच लाल.

म्हणून घाईत असाल तर विंडोजचं टूल चालेल. त्याने दोष दाखवला तर माना. ‘ठीक’ म्हणालं तर मी तरी मानत नाही.