फुकुओकातली जुनी वनरूम: १४ महिने आणि एक गीझर

मागच्या आठवड्यात गीझर गेला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर वर्षभर ‘बरं चाललंय’ म्हणत होतो.

मी टोकियोच्या निशी-कासाईत भाड्याने राहतो. टोकियोत घर घेणं परवडेना, म्हणून फुकुओकात हाकाता स्टेशनाजवळ १९८९ ची १८ चौरस मीटरची वनरूम, म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, घेतली. ५२ लाख येन, भाडेकरूसकट. वर दलाली ३ लाख ३० हजार. २०२४ च्या जुलैपासून ८० लाखांच्या आतल्या घराला तेवढी घेता येते, आणि माझ्याकडून पूर्ण घेतली.

जून १९८१ नंतरच्या भूकंप नियमांतलं बांधकाम आहे ना, ते बघितलं. सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दरमहा भरायच्या पैशांची, थकबाकी नाही ना, तेही बघितलं, कारण मागच्या मालकाची बाकी इथे नव्याच्या गळ्यात पडते. भाडेकरू असल्यामुळे आत जाता आलं नाही. पण गीझर बाहेर, दाराशेजारच्या मीटरच्या कपाटात असतो हो! त्या कपाटाला टेकून मी एजंटशी दहा मिनिटं बोललो आणि उघडलं नाही. आतल्या स्टिकरवर २००७. दहा-बारा वर्षं टिकणारं यंत्र ते.

भाड्याचं काम बघणाऱ्या एजन्सीचा नव्या गीझरचा कोट आला १ लाख ६४ हजार. तोच १६ नंबरचा, म्हणजे मिनिटाला १६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा, बाहेर ९८ हजारांत बसवून मिळत होता. बाहेरचा माणूस आणू का विचारलं, तर उत्तर ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’. याचा अर्थ ‘नाही’, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. करार काढून वाचला. बाहेरच्या माणसाला मनाई करणारं कलमच नव्हतं. ६६ हजार वाचले. भाडेकरू पोरगा मात्र चार दिवस सेंतोला, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, जात होता, आणि त्यातले दोन माझ्या घासाघिशीचे. २०२० पासून अशा वेळी कायद्यानेच भाडं कमी होतं, तेव्हा या महिन्याचं थोडं कापलं. तक्रार नाही.

आता हिशोब. भाडं ३८,०००, म्हणजे कागदावर पावणेनऊ टक्के. मेंटेनन्स ७,२००, सिंकिंग फंड ४,५००, एजन्सी १,९०० आणि वर्षाचा घरकर ३० हजार वजा केले की जेमतेम पाच. वसंतात फंड ८,९०० करायचा ठराव आला. तेव्हा चार टक्केच उरतात, म्हणून मी आधी विरोधाचं मत लिहिलं होतं. मग दुरुस्तीचा आराखडा वाचला. पाण्याचे पाइप अजून १९८९ चेच! कागद फाडला, नवा मागवला, होकार भरून पाठवला. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत असा आराखडा कधी कोणी दाखवला नव्हता, हेही खरं.

विकणार नाही. पण काल त्या पोराला एसीच्या स्टिकरचा फोटो मागितला. संध्याकाळी आला.

२०११.