विंडोज-लिनक्स एकत्र असलेल्या मशीनवर क्रोनी: वेळ चोख, पण अर्धं काम विंडोजमध्येच

विंडोजमधून लिनक्समध्ये किंवा उलट गेलं की घड्याळ काही तासांनी सरकतं, म्हणून पुष्कळ जण लिनक्सवर क्रोनी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर, टाकतात. क्रोनी खरोखर उत्तम आहे. पण दुखणं त्याच्या हातातलं नाही.

मदरबोर्डवरच्या घड्याळात, म्हणजे आरटीसीत, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज स्थानिक वेळ. त्यामुळे चूक बरोबर टाइमझोनच्या फरकाइतकी येते. तारीखच भलतीकडे गेली असेल तर आरटीसीचा सेल संपलाय. बहुतेक बोर्डांवर तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो.

क्रोनीची खरी ताकद नेटवरून वेळ घेण्यात आहे. पुष्कळ लिनक्समध्ये आधीपासून असणारं सिस्टिमडीचं टाइमसिंकडी हेही वेळ जुळवतं, पण एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतं. क्रोनी अनेकांची वेळ ताडून पाहतं आणि खोटी वेळ सांगणाऱ्याला बाजूला काढतं. टर्मिनलमध्ये 'क्रोनीसी सोर्सेस' ही आज्ञा चालवली की निवडलेल्या सर्व्हरपुढे तारा दिसतो, नाकारलेल्यापुढे 'एक्स'.

क्रोनीच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'आरटीसीसिंक' ही ओळ असली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ आरटीसीत उतरवतो. उतरवतो ती यूटीसी! म्हणजे क्रोनी जितकं चोख, तितकं पुढच्या बूटला विंडोज हमखास चुकणार. म्हणून विंडोजलाच यूटीसी वाचायला लावा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लोकल मशीनखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन असं जाऊन 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद करा, किंमत १. मग शिफ्ट दाबून शटडाउन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या झटपट सुरू होण्याच्या सोयीमुळे त्याचा कर्नल पूर्ण बंदच होत नाही. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणण्याचा उलटा उपाय टाळाच. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे नेणं) असेल तिथे दोन्ही सिस्टिम तासाची दुरुस्ती करतात आणि ती दुप्पट होते.

एक उणीव मात्र जाणवते. 'मेकस्टेप १.० ३' या नेहमीच्या सेटिंगमध्ये एका सेकंदापेक्षा मोठी चूक एका झटक्यात सुधारते, पण फक्त पहिल्या तीन अपडेटांत. लिनक्स हायबरनेट करून (चालू स्थिती डिस्कवर ठेवून बंद करून) मधे विंडोज चालवलं आणि परत आलात, तर ती संधी संपलेली असते. मग क्रोनी घड्याळ हळूहळू सरकवतं, सेकंदाला जास्तीत जास्त १/१२ सेकंद. तासाभराच्या चुकीला १२ तास! वाट पाहू नका, रूट (प्रशासक) म्हणून 'क्रोनीसी मेकस्टेप' द्या; वेळ तिथल्या तिथे जागेवर येते.