फीड रीडर, आठ महिने, कॉलेजची लायब्ररी

फीड म्हणजे साइटवर नवं काय आलं त्याची आपोआप बदलणारी यादी (हिलाच आरएसएस म्हणतात), आणि अशा खूप साइटींच्या याद्या एका जागी दाखवतो तो फीड रीडर. त्यातला गाजलेला गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा लोक हळहळत होते एवढंच आठवतंय, मी तो कधी उघडलाही नव्हता. म्हणजे वरात गेल्यावर मी मंडपात पोचले.

पहिल्याच दिवशी घाबरले. जर्नलच्या साइटवर फीडचा तो नारंगी आयकॉन दाबला तर स्क्रीनभर नुसता कोड. वाटलं काहीतरी बिघडवलं आपण. बिघडत काही नाही, फीड म्हणजे ती एक्सएमएल (प्रोग्रामला वाचायला सोपी अशी) फाइलच असते आणि ब्राउझर ती आता नीट मांडून दाखवत नाही (फायरफॉक्समध्ये पूर्वी सोय होती, डिसेंबर २०१८ मध्ये ६४ व्या व्हर्जनला काढली). वरचा पत्ता कॉपी करून रीडरमध्ये टाकायचा, झालं. हे कळायला मला दोन दिवस लागले.

मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम पीसीवर होताच, त्यातच फीडचं अकाउंट उघडलं, एक पैसा लागला नाही. आधी जर्नलांच्या नव्या अंकांचे फीड जोडले, मग पबमेडवर (वैद्यकीय संशोधन-लेख शोधायची साइट) सर्च करून खालचं 'क्रिएट आरएसएस' दाबलं (तिथे किती नोंदी हव्यात विचारतात, सरळ १०० ठेवा), आणि सगळ्यात मजा म्हणजे आमच्या कोहाच्या (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) ओपॅकमध्येही, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्येही, सर्चच्या निकालाला फीड असतो, इतकी वर्षं समोर होता आणि मी बघितलाच नव्हता. नवीन पुस्तकांची यादी आता तिथूनच निघते.

फिजिक्सच्या सरांसाठी आर्काइव्हचा (arXiv, जर्नलमध्ये छापून येण्याआधीच लेख टाकतात ती साइट) फीड लावला होता. तो रोज आपल्याकडच्या सकाळी साडेनऊ-साडेदहाला बदलतो, शनिवार-रविवार रिकामा, आणि त्यात फक्त त्या दिवसाचंच असतं. दिवाळीत लायब्ररीचा पीसी बंद, त्यामुळे ते सगळे दिवस गेले ते गेलेच. सुट्टीनंतर सर दारातच, "अहो मॅडम, आमच्या विषयाचं काहीच कसं आलं नाही?" चूक माझीच. पीसी बंद तर फीड आणणार कोण? मग ओपीएमएल फाइल (आपल्या सगळ्या फीडच्या पत्त्यांची यादी) काढून सगळं ऑनलाइन रीडरमध्ये नेलं, तो आपल्या पाठीमागे गोळा करत बसतो. हलवायला पाच मिनिटं लागली, यादी आपल्या हातात राहते हे फार आवडलं मला.

स्टाफला शिकवायचा प्रयत्नही केला, एक तास, प्रोजेक्टर, चहा वगैरे. टिकलं कोणीच नाही. केमिस्ट्रीच्या मॅडम तर स्पष्टच म्हणाल्या, "तुम्हीच बघा हो, आमच्या कामाचं असेल ते ग्रुपवर टाका." आधी राग आला. मग वाटलं बीलिबला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) करंट अवेअरनेस, म्हणजे वाचकाला त्याच्या विषयातलं नवं कळवत राहणं, म्हणून पाठ केलं ते दुसरं काय होतं, ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असाच आहे, ग्रंथपालाचा वाचवा असं कुठे म्हटलंय! आता प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर आहे, सकाळी वीस मिनिटं बघते, तीन-चार लिंक पुढे ढकलते. सुरुवातीला हावरटासारखे दीडशे फीड जोडले होते, न वाचलेल्याचा आकडा बघून छातीत धडधडायचं, आता चाळीस आहेत आणि सोमवारी बिनदिक्कत 'सगळं वाचलं' दाबते.

तक्रार एकच, रोज ज्याची खरी गरज पडते त्या परिपत्रकांच्या पानांना फीडच नाही. तिथे अजून मीच जाते, स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ उघडते आणि मान तिरकी करून तारीख वाचते.