न्यास, संस्था की कलम 8 कंपनी? सातारा-सांगलीत सामाजिक काम नोंदवताना

माणदेशात बंधाऱ्यांतला गाळ काढायचा असो, वाईत अभ्यासिका चालवायची असो किंवा पुरात कृष्णाकाठच्या गावांना मदत पोचवायची असो, नोंदणीची वेळ आली की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. पण नोंदणीचा खर्च एकदाच होतो. त्याआधी ठरवायचं ते असं की संस्थेच्या नावावर जमीन-इमारत येणार आहे का, आणि कारभारी किती वेळा बदलणार आहेत.

महाराष्ट्रात न्यास (ट्रस्ट) आणि संस्था (सोसायटी) यांतला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. संस्थेला 1860 च्या कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात, आणि तिला 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. म्हणजे दोन्ही वाटा धर्मादाय कार्यालयातच जातात. न्यासात विश्वस्त कसे नेमायचे हे न्यासपत्र ठरवतं, संस्थेत सभासद कार्यकारिणी निवडतात. कलम 8 कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी सामाजिक कामाची कंपनी, मात्र 2013 च्या कंपनी कायद्यातली. खासगी स्वरूपात 2 संचालक पुरतात, सगळे अर्ज ऑनलाइन जातात आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी कंपनी निबंधक पुण्यात आहेत.

खरी अडचण होते ती कारभारी बदलताना. न्यासात किंवा संस्थेत विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडून आली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होऊन शेड्यूल एकच्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत) नावं चढेपर्यंत बँक, देणगीदार कंपनी, सरकारी खातं जुनीच नावं मानतं. वाद नसेल तर काम सरकतं. पण गावात दोन गट पडले, दोन्ही गटांनी आपापली सभा घेतली आणि दोघांनीही अर्ज टाकले, की चौकशी लागते, साक्षी होतात आणि प्रकरण वर्षानुवर्षं लांबतं. मागचा अर्ज अडकला की पुढच्या निवडणुकीचाही त्याच्या मागे अडकतो. म्हणून प्रत्येक सभेची सूचना सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या आणि इतिवृत्त त्याच आठवड्यात फाइलला लावा. अर्ज बहुतेकदा याच कागदांवर टिकतो किंवा पडतो.

कंपनीत हाच बदल 30 दिवसांत एका फॉर्मने होतो, चौकशी नाही. पण त्यासाठी चालू डिजिटल सही लागते आणि पॅन-आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. ज्येष्ठ शेतकरी संचालक असतील तर इथेच दिवस जातात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. काम बंद असलं, खात्यात रुपया नसला, तरी सीएकडून लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा आणि दोन वार्षिक फॉर्म चुकत नाहीत. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये लागतात. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000 रुपये. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षं अपात्र ठरतात, आणि ते दुसऱ्या कंपनीत असतील तर तिथेही फटका बसतो. न्यासालाही दरवर्षी हिशेब द्यावाच लागतो, पण तिथे असं रोजचं मीटर नाही. हिशेब सांभाळणारा एक पगारी माणूस परवडत नसेल, तर कंपनीच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

जमिनीच्या बाबतीत कंपनी मोकळी आहे. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, बक्षीस द्यायची, शेतजमीन 10 वर्षांपेक्षा किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. याचं ओझं वाटतं खरं, पण देणगीत आलेली गावची जागा उद्या कुणी परस्पर फुंकू नये असं वाटत असेल, तर हीच अट तुमच्या बाजूने उभी राहते. शेतजमीन दान मिळणार असेल तर तिन्ही प्रकारांत एक अडसर सारखाच: संस्था शेतकरी नाही, म्हणून कुळकायद्याच्या कलम 63 ची परवानगी आधी पाहा.

आयकरात मात्र तिन्ही एकाच रांगेत आहेत. जुन्या कायद्यातल्या नावांनी सांगायचं तर 12-एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80-जी (देणगीदाराला वजावट), दोन्ही नोंदण्या वेगळ्या घ्याव्या लागतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुना नमुना डोळे झाकून भरू नका. उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्देशावर खर्च व्हायला हवा. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेले पैसे त्यात धरले जात नाहीत. गाळ काढणाऱ्या यंत्राचं बिल रोखीत भागवण्याची सवय असेल तर ती मोडावी लागेल. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला वजावट नाही. उद्देश ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या गटात येत असेल आणि संस्था खत किंवा हळद पावडर विकत असेल, तर विक्रीची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांत ठेवा. 30 लाखांच्या जमेला 6 लाख.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर खर्चायचा पैसा, न्यास, संस्था आणि कलम 8 कंपनी तिघांनाही मिळतो. अटही एकच: कर नोंदण्या, सीएसआर-1 क्रमांक (असा निधी घेण्यासाठीची नोंदणी) आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. नव्या कंपनीला निधी लगेच मिळतो, या भरवशावर ती काढू नका.

न्यास किंवा संस्था निवडलीत, तर मसुदा नोंदणीला देण्याआधी एक कलम तपासा: काम बंद झालं तर उरलेली मालमत्ता सारख्याच उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, विश्वस्तांकडे किंवा सभासदांकडे नाही. ते नसेल तर 12-एबीच्या अर्जावर आयकर खात्याच्या पुणे कार्यालयाकडून पहिली शंका यायची ती याचीच, आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा धर्मादाय कार्यालय गाठावं लागतं.